शेततळ्याचा 500 मायक्रॉन कागद: मराठवाड्याच्या रानात तो किती कामाचा

500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा एचडीपीई कागद (तळ्यात अंथरायचे प्लास्टिकचे अस्तर) हा चांगला माल आहे, हे आधीच सांगून टाकू. तळे नीट खोदले आणि कागद नीट अंथरला तर पाझर जवळपास थांबतो. मुरमाड रानातले बिनअस्तराचे तळे दिवाळीच्या आसपास कोरडे पडते. त्याच तळ्यात कागद असेल तर मार्चमध्येही पाणी दिसते. तारीफ इथपर्यंत खरी आहे. पण जालना, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात हा कागद दुष्काळावरचा इलाज म्हणून विकला जातो, आणि शेतकऱ्याचा पैसा बुडतो तो या समजापायी. कागद आलेले पाणी धरून ठेवतो. तळ्यात पाणी येणार कुठून, याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. ते कागद घेण्याआधी आपल्यालाच शोधावे लागते.

आधी हिशेब करू. सगळीकडे चालणारे माप म्हणजे 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, उतार दीडास एक (दीड मीटर आडवे गेले की एक मीटर खोल). कोटेशनवर याची क्षमता 1,971 घनमीटर, म्हणजे 19 लाख 71 हजार लिटर लिहिलेली असते. हा आकडा तळे काठोकाठ भरले तरचा आहे. काठोकाठ भरलेल्या तळ्यात वाऱ्याने लाट उठली की पाणी बांधावर चढते, कागदाच्या मागे शिरते आणि बांध खचतो. म्हणून वरचा अर्धा मीटर रिकामा ठेवायचाच. तसे केले की उरतात 15 लाख 40 हजार लिटर. पिकाचा हिशेब मांडायचा तो या आकड्यावर.

बाष्पीभवनाबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून थंडीत रोज तीन-चार मिलिमीटर पाणी उडते, एप्रिल-मेमध्ये आठ-नऊ. पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत बेरीज केली तर साधारण 1.2 मीटर भरते. तळे वर रुंद आणि खाली निमुळते असल्यामुळे हा वरचा 1.2 मीटरचा थर सर्वांत जास्त पाण्याचा असतो. वरच्या मापाच्या तळ्यात तो होतो 8 लाख 50 हजार लिटर. म्हणजे ऑक्टोबरअखेर भरलेले तळे कुणी हात न लावता जूनसाठी जपून ठेवले, तर निम्म्याहून जास्त पाणी सूर्य नेतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात 5 लाख लिटर पाणी होते. त्याहून जास्त पाणी एका तळ्यातून एका हंगामात हवेत जाते, आणि कागद कितीही उंची घेतला तरी ते थांबत नाही.

यावर एकच गोष्ट खरोखर लागू पडते, ती म्हणजे पसारा कमी आणि खोली जास्त. पक्क्या, कठीण मुरमात एकास एक उतार टिकतो. तिथे 25 बाय 25 मीटरचे, 4.5 मीटर खोल तळे काठोकाठ 19 लाख लिटरच्या पुढे पाणी धरते, आणि वरचा पसारा 900 ऐवजी 625 चौरस मीटर राहतो. पाणी जवळपास तेवढेच, उडते मात्र तीस टक्के कमी. काळ्या मातीत हा प्रयोग करू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि एकास एक उतार एका पावसाळ्यात खाली बसतो. तिथे दीडास एक हा किमान उतार, आणि माती चिकण असेल तर दोनास एक. अनुदान घ्यायचे असेल तर योजनेतली मापे आधी पाहून घ्यावीत, कारण खोली बदलली तर मोजणीच्या वेळी अडते. तळ्यावर शेडनेट ताणण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. 30 मीटरच्या गाळ्यावर तारा ताणून ते मे महिन्याच्या वावटळीत टिकवायचे म्हणजे खांब आणि तारांचा खर्चच कागदाच्या बरोबरीला येऊ लागतो. लहान तळ्यावर जमते, मोठ्यावर त्या नादाला लागू नये.

आता पाणी कुठून आणायचे. तीन वाटा आहेत, आणि त्या तिन्हींची किंमत सारखी नाही.

पहिली वाट थेट पावसाची. 700 मिमी पाऊस झाला तर 900 चौरस मीटरच्या तोंडात 6 लाख 30 हजार लिटर पाणी आपोआप पडते. पावसाळ्यातले बाष्पीभवन वजा जाता तीन-चार लाख लिटर हाती राहतात. या पाण्यावर कुणाचाही दावा नाही आणि त्याला वीजही लागत नाही.

दुसरी वाट वाहत्या पाण्याची, म्हणजे रानातून, ओढ्यातून येणारे पावसाळी पाणी. हलक्या उताराच्या रानात पडलेल्या पावसाचा दहा-पंधरा टक्के भाग वाहून जातो असे धरले, तर 700 मिमी पावसात हेक्टरी 700 ते 1,050 घनमीटर पाणी मिळते. म्हणजे हे तळे भरायला पाचेक एकरांचा उतार त्याच्याकडे वळलेला हवा. त्यासाठी तळे रानाच्या खालच्या अंगाला हवे, आणि आत येणाऱ्या वाटेवर 2 बाय 2 बाय 1 मीटरचा गाळखड्डा हवा. गाळखड्डा नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत तळाशी फूटभर गाळ बसतो. तो काढायला माणसे घमेली-फावडी घेऊन उतरली की कागद फाटतोच. आत येणारे पाणी कागदावर थेट पडू देऊ नये. पाइपातून किंवा कागदावर वेगळी पट्टी टाकून तिच्यावरून उतरवावे.

तिसरी वाट विहिरीची आणि बोअरची. गावात फिरून पाहा, बहुतेक तळी रानाच्या उंचवट्यावर आहेत. ठिबकला उतार मिळतो म्हणून तशी जागा निवडली जाते. उंचवट्यावर वाहते पाणी चढत नाही, तिथे ते मोटारनेच चढवावे लागते. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत पाणी आत येण्या-जाण्याची सोय असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची तळी होती. ज्या तळ्याला पाणी आत यायची वाटच नाही ते जमिनीखालच्या पाण्यावरच भरणार, हे उघड आहे.

यात वाईट काय, तर आपल्या पायाखालचा बेसाल्ट. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात मावते. एकूण घनफळाच्या दोन टक्के धरले तरी पुष्कळ झाले. त्या हिशेबाने 15 लाख 40 हजार लिटर उपसले की सुमारे 19 एकरांखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरते. तळे आपल्या एकाच्या सात-बाऱ्यावर, आणि उतरलेली पातळी आजूबाजूच्या सगळ्यांच्या विहिरींत. शिवाय जमिनीखाली जे पाणी उन्हापासून झाकलेले होते, ते वर आणून उन्हात पसरायचे आणि निम्मे उडवायचे. तासाला 5,000 लिटर देणारी बोअर दिवसाला आठ तास वीज मिळाली तर हे तळे भरायला जवळपास चाळीस दिवस घेते. ते चाळीस दिवस बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, शेजाऱ्याच्या हरभऱ्याला पाणी लागते तेव्हाच.

शेतकरी हे का करतो, तेही समजून घ्यायला हवे. विहिरीत ठेवलेले पाणी आपले राहत नाही. शेजारी खोल बोअर घेतो आणि ते तिकडे जाते. तळ्यातले पाणी डोळ्यांसमोर राहते. उडाले तरी उरलेले आपलेच असते. एकेकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा हिशेब आहे. पण गावातल्या सगळ्यांनी तोच केला की फेब्रुवारीत पिण्याच्या पाण्याची विहीर तळ गाठते आणि टँकर सुरू होतो. ज्याच्याकडे बोअर नाही आणि कागदाचे पैसेही नाहीत, त्याच्या वाट्याला फक्त उतरलेली पातळी येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, तेव्हा तिथली पातळी टिकली. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत आज द्राक्षबागा आणि शेततळी दिसतात, पण आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली आहेत. बांधबंदिस्ती आणि चर आधी, कागद नंतर. क्रम उलटा केला तर कडवंचीचे चित्र मिळत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे: तळे पावसाने आणि वाहत्या पाण्याने निम्म्याहून जास्त भरत असेल तर कागद घ्या. पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना, ओढा वाहत असताना वरचे पाणी उचलून भरणार असाल तरी घ्या. पण पाऊस संपल्यावर बोअर उपसूनच भरायचे असेल तर तोच पैसा ठिबक, आच्छादन आणि विहीर पुनर्भरणावर घाला.

माल घेताना काय पाहायचे? विणलेल्या कागदावर आयएस 15351 या भारतीय मानकाचा शिक्का हवा, आणि कागद कोणताही असो, जाडी ठरावीक अंतराने छापलेली हवी. नुसत्या छापावर मात्र जाऊ नये. साधी, न विणलेली फिल्म असेल तर एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा कापून काट्यावर टाकावा. 500 मायक्रॉनच्या एचडीपीईचे वजन 470 ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. 400 भरले तर माल पातळ आहे. विणलेल्या कागदाला हा हिशेब लागू नाही, कारण विणीत पोकळी असते. त्याचे दोन थर नखाने सुटतात का ते पाहावे. सुटत असतील तर नको. काळा रंग हवा, तोही सगळीकडे सारखा. उन्हापासून कागदाला वाचवते ते त्यातले कार्बन ब्लॅक. पुनर्वापराच्या प्लास्टिकचा कागद हातात खरखरीत लागतो, वास मारतो आणि घडी घालून दाबला की पांढरी रेघ उमटते.

किती कागद लागेल ते स्वतः काढावे, म्हणजे कोटेशनमध्ये फुगवलेले क्षेत्र लगेच कळते. वरच्या तळ्याचा तळ 21 मीटर, दोन्ही बाजूंचे उतार प्रत्येकी 5.4 मीटर, आणि बांधावर व चरात गाडायला दोन्हीकडे दोन-दोन मीटर. एका दिशेला सुमारे 36 मीटर होतात, म्हणजे 1,300 चौरस मीटर. भाव किलोवर न घेता चौरस मीटरवर घ्यावा. त्यात जोडणी, अंथरणी, वाहतूक आणि जीएसटी धरलेला आहे का, हे लिहून घ्यावे. अनुदान हवे असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय माल उचलू नये.

अंथरणी हा सगळ्यात नाजूक भाग, आणि तक्रारींतल्या बहुतेक तिथूनच येतात. खोदून झालेले तळे एक पाऊस खाऊ द्यावे, म्हणजे माती बसते. मग उतारावरचे आणि तळातले दगड, मुळ्या, पराटीची खुंटे हाताने वेचावीत. पराटीचे टोकदार खुंट पाण्याच्या भाराने कागदातून आरपार येते. उतार चोपून घ्यावेत, मुरूम खडबडीत असेल तर वर दोन-तीन इंच बारीक मातीचा थर द्यावा. कागदाखाली तणनाशकाची एक फवारणी करावी. लव्हाळा आणि हरळी पातळ कागदातून वर येतात.

सांधे कारखान्यातच जोडून एकसंध तुकडा आणलेला बरा. रानात जोडायची वेळ आली तर दुहेरी शिवण टाकणारे तापत्या पाचरीचे मशीन हवे. हातातल्या गरम हवेच्या गनने मारलेला लांब सांधा टिकत नाही, ती गन फक्त कोपऱ्यांसाठी आणि ठिगळांसाठी. दुहेरी शिवणीच्या मधल्या पोकळीत हवा भरून दाब उतरतो का ते समोर पाहावे. ठेकेदार टाळाटाळ करील, पण शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यावा.

कागद सकाळी अंथरावा. दुपारच्या उन्हात तापून पसरलेला कागद ताणून बसवला तर थंडीच्या रात्री तो आकसतो. 36 मीटरच्या कागदात तापमानाचा 30 अंशांचा फरक म्हणजे चौदा ते वीस सेंटिमीटरचा फरक, आणि तो ताण सांध्यावर येतो. म्हणून थोडा झोळ ठेवूनच अंथरावा. बांधाच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, दीड-दोन फूट खोल चर खोदून कडा त्यात सोडाव्यात. पण चर लगेच पक्का बुजवू नये. तळ्यात फूट-दीड फूट पाणी चढू द्यावे, कागद आपल्या जागी बसला की मग माती भरून चोपावी.

पाणी बाहेर काढायला कागदाला भोक पाडून पाइप टाकणे हा हमखास गळतीचा मार्ग आहे. तरंगती मोटार ठेवावी, किंवा रान खाली असेल तर बांधावरून सायफन घ्यावा.

पुढे काय काय बिघडते? कागद सर्वांत आधी जातो तो पाण्याच्या वरच्या पट्ट्यात, कारण पाण्याखालच्या भागाला ऊन लागत नाही. तिथे दोन-अडीच मीटर रुंदीची जुन्या कागदाची पट्टी पांघरली तर मूळ कागदाची वर्षे वाढतात. तळे पूर्ण कोरडे कधीच करू नये. रिकाम्या तळ्यातला कागद वळवाच्या वादळात खालून हवा भरून उचलला जातो आणि चरातून उपटून निघतो. तळाशी फूटभर पाणी कायम राहिले तर हे होत नाही. उलट पावसाळ्यात सखल रानात जमिनीतले पाणी चढते आणि कागद मधूनच फुगा धरून वर येतो. त्याला भोक पाडू नये. तळ्याभोवती खोल चर काढून ते पाणी बाहेर काढावे, नाहीतर तळ्यात पाणी वाढवून भार द्यावा. उंदीर, घुशी आणि खेकडे बांध पोखरतात. रानडुकरे आणि रोही पाण्यासाठी उतरतात आणि खुरांनी कागद फाडतात. विक्रेत्याच्या हमीपत्रात यातले काहीच येत नाही. पाच वर्षांची हमी म्हणजे मालातला दोष, आणि त्यातही दरवर्षी भरपाई घटत जाते. ते कलम सहीआधी वाचावे.

गळती आहे की नुसते बाष्पीभवन, हे ओळखणे सोपे आहे. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या कडेला उथळ पाण्यात, कागदाला धक्का न लावता ठेवावी. आतली पातळी आणि तळ्याची पातळी दोन्हींवर खूण करावी. मोटार बंद ठेवून तीन-चार दिवसांनी मोजावे. दोन्ही सारखे उतरले तर ऊन कारण आहे, तळे जास्त उतरले तर कागद. भोक सापडले की जागा पुसून कोरडी करावी आणि त्याच कागदाचे ठिगळ गरम हवेने बसवावे. एचडीपीईला कोणताही डिंक धरत नाही, बाजारातल्या ट्यूबवर पैसे घालवू नयेत.

एक बाब मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही टाळता कामा नये. कागदाच्या तळ्यात पडलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही. उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ, हाताला धरायला काही नाही. पोहता येणाराही दमून बुडतो, आणि लहान मुले तर क्षणात. चारही बाजूंना पाच फुटी जाळीचे कुंपण आणि कुलपाचे फाटक हवे. चारही उतारांवर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर खांबाला बांधून पाण्यात सोडलेला हवा. पाण्यात हवा भरलेली जुनी ट्यूब हवी. या सगळ्याचा खर्च कागदाच्या कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून धरावा. कुंपणाला पैसे उरत नसतील तर तळे लहान करावे.

पाणी वापरायचे कसे, यावर तळ्याचा फायदा ठरतो. सर्वांत किफायतशीर वापर पावसाच्या खंडात होतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्यात होते. तुषारने 30 मिमीची एक पाळी द्यायला एकरी सव्वा लाख लिटर लागतात. जुलैअखेर तळ्यात निम्मे, म्हणजे साडेसात लाख लिटर पाणी असेल तरी सहा एकरांना एक पाळी बसते, आणि सप्टेंबरच्या पावसात तळे पुन्हा भरायची संधी राहते. त्या पाण्याला उन्हाळा पाहावाच लागत नाही.

मोसंबीचा हिशेब कडक आहे. 6 बाय 6 मीटरवर एकरी 111 झाडे बसतात. आच्छादन करून झाड नुसते जगवायचे म्हटले तरी मार्चपासून रोज 60 लिटर धरावे. फेब्रुवारीअखेरपर्यंतचे आणि पुढच्या शंभर दिवसांचे बाष्पीभवन वजा केले तर 15 लाख 40 हजारांतून झाडांच्या वाट्याला साधारण 8 लाख लिटर येतात. म्हणजे रोज 8,000 लिटर, 133 झाडे, सव्वा एकर बाग. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्यानंतर एका तळ्याच्या भरवशावर चार-पाच एकर लावणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडलेला बरा. तळ्याबरोबर विहीरही असेल तर आधी तळाचे फूटभर सोडून तळ्यातले पाणी रब्बीला संपवावे आणि विहिरीतले उन्हाळ्याला राखावे. पण शेजारचे बांधकरी त्याला राजी असतील तरच हे साधते, आणि ते बोलणे कागद घेण्याआधी झाले पाहिजे.

कागद जुना झाला, ठिगळे लावून भागेनासे झाले, तर तो उपटून जाळू नये. वरचा उन्हाने तडकलेला पट्टा कापून काढावा, तळातला आणि उतारावरचा भाग तसाच ठेवून त्याला जागोजागी हातभर चिरा द्याव्यात, म्हणजे मध्ये पाणी आणि हवा अडकत नाही. त्यावर नवा कागद अंथरला की खडे टोचण्याची भीती निम्म्याने कमी होते.